चौदा महिने पासवर्ड मॅनेजर वापरल्यानंतरही कपाटात एक कागद

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या घरात खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपले आणि टेबलाच्या खणातील डायरी भिजली. वीज, गॅस, नेटबँकिंग, भविष्य निर्वाह निधी असे सारे पासवर्ड तिच्यात होते. बॉलपेनने लिहिलेले वाचता आले, जेल पेनने लिहिलेल्यांचे निळे डाग उरले. त्याच आठवड्यात मी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सारे पासवर्ड साठवून ते जागच्या जागी भरून देणारे ॲप, घेतला आणि कागदाला कायमचा रामराम ठोकला.

ते मत मला अर्धे मागे घ्यावे लागले आहे, मॅनेजर मात्र मी सोडणार नाही. वीजबिलाच्या नावाने आलेल्या एसएमएसमधील लिंक मी एकदा उघडली, तेव्हा बनावट पान हुबेहूब असूनही मॅनेजरने पासवर्ड भरला नाही, कारण तो पानाचे रूप पाहत नाही, संकेतस्थळाचा पत्ता जुळवतो. डायरी समोर असती तर मी तो पासवर्ड निःशंकपणे टाइप केला असता.

गेल्या महिन्यात दादरला लोकलमधून उतरताना फोन रुळांवर पडला. नव्या फोनवर मास्टर पासवर्ड, म्हणजे मॅनेजर उघडण्याचा मुख्य पासवर्ड, विचारला गेला आणि तो आठवेना, कारण वर्षभर मी अंगठ्याच्या ठशानेच ॲप उघडत होतो. कंपनीकडे हा पासवर्ड नसतोच. आपली माहिती त्यापासून बनणाऱ्या किल्लीनेच कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, झालेली असते. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डच्या संग्रहांच्या, प्रती चोरीला गेल्या, तेव्हा संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते, तरी पासवर्ड याच व्यवस्थेमुळे कूटबद्ध राहिले. ही व्यवस्था मला हवीच आहे, पण त्या दोन दिवसांत तिने माझी झोप उडवली.

तिसऱ्या दिवशी कीबोर्डवर बोटे ठेवताच पासवर्ड आपोआप उमटला. तेवढ्याने भागले नाही. उपकरण नवे असल्याने पडताळणीचा कोड ईमेलवर गेला आणि ईमेलचा पासवर्ड त्याच तिजोरीत होता! घरच्या जुन्या लॅपटॉपवर ईमेल उघडे राहिले होते, म्हणून सुटलो. या अडचणीची आगाऊ सूचना खाते उघडतानाच ठळकपणे द्यायला हवी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आता मास्टर पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचा रिकव्हरी कोड (नेहमीचा पडताळणीचा कोड मिळत नसेल तेव्हा वापरायचा), एवढेच एका कागदावर बॉलपेनने लिहून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून, लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवले आहे. दर रविवारी मी मास्टर पासवर्ड मुद्दाम हाताने टाइप करतो. दुसरी प्रत ठाण्याला ताईकडे आहे. दोन्ही प्रतींवर शून्याला तिरकी रेघ मारली आहे, म्हणजे घाईत ते कोणी इंग्रजी ओ समजून वाचणार नाही.