सड्यावरची धावपट्टी आणि बेलापूरचे पर्यावरण सल्लागार : आमच्या मंडळाचा अनुभव

आमचे गाव कोकणात एका सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी आहे आणि त्या सड्यावर छोटा विमानतळ आहे. धावपट्टी ६०० मीटरने वाढवण्याच्या प्रस्तावावर जनसुनावणी लागली, तेव्हा नवी मुंबईत राहणाऱ्या आम्हा गावकऱ्यांच्या ग्रामस्थ मंडळाच्या ऐरोलीत भरलेल्या बैठकीत असे ठरले की, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा मसुदा अहवाल आपल्या वतीने जाणकारांकडून तपासून घ्यावा. त्यासाठी सीबीडी बेलापूरमधील एका सल्लागार संस्थेची सेवा आम्ही घेतली. काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. पण ज्या गावांवर अशी वेळ येईल, त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा.

मसुद्यातील नकाशात आमचा सडा ‘पडीक जमीन’ म्हणून रंगवला होता. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार मूल्यांकनासाठी पावसाळा सोडून एका ऋतूची माहिती चालते, आणि येथील पाहणी मार्च ते मे या काळातली होती. उन्हाळ्यात कातळ काळाठिक्कर आणि उघडाबोडका दिसतो, हे खरेच आहे. संस्थेच्या वनस्पतितज्ज्ञ बाईंनी मात्र अहवाल चाळताच विचारले, ‘‘पावसाळ्यात वर कोणी गेले होते का?’’ ऑगस्टच्या अखेरीस त्या स्वतः आल्या आणि भर पावसात दोन दिवस त्यांनी सडा पायाखाली घातला. धावपट्टीचे नवे टोक जेथे येणार आहे, नेमक्या त्या जागी एक मीटरचा चौकोन दोरीने आखून त्यांनी त्यातली सीतेची आसवे आणि पांढरे गेंद ही रानफुले आमच्या देखत मोजली. कातळावरच्या मातीत कस नसतो म्हणून सीतेची आसवे बारीक कीटक पकडून पोषण मिळवतात, हे त्यांनी भिंगातून दाखवले. आयुष्यभर तेथे गुरे चारलेल्या आमच्या काकांना त्या फुलांची नावे त्या दिवशी कळली. या दोन दिवसांसाठीच आम्ही सगळी फी आनंदाने दिली असती.

पाण्याचे कामही चोख झाले. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यातून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. आमच्या विहिरी त्याच झऱ्यांवर आहेत. संस्थेने साधा हिशेब मांडला : ६०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद पट्टी म्हणजे २७,००० चौरस मीटर, आणि पावसाळ्याच्या तीन मीटर पावसात तिच्यावर पडणारे पाणी ८ कोटी लिटरहून अधिक. ते मुरणार नसेल तर कोणत्या वहाळात सोडणार, या प्रश्नाला मसुद्यात ‘योग्य निचरा व्यवस्था केली जाईल’ एवढेच उत्तर होते. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापताना आणि उलवे नदीचा प्रवाह वळवताना पाहिलेल्या आम्हा नवी मुंबईकरांना या एका वाक्यावर विसंबणे शक्य नव्हते.

आवाजाच्या बाबतीत मात्र संस्था कमी पडली. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि मसुद्यातली सरासरी तिच्या आत येते, एवढे नोंदवून त्यांनी विषय संपवला होता. आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांनी गणित करून दाखवले की, इतर आवाज बाजूला ठेवले तर ८० डेसिबलचा २० सेकंदांचा आवाज दिवसातून आठ वेळा होऊनही १६ तासांची सरासरी साधारण ५४ डेसिबलच येते. म्हणजे शाळेतला तास आठ वेळा थांबला तरी कागदावर सगळे नियमात. हे दाखवल्यावर संस्थेने प्रत्येक उड्डाणाच्या आवाजाचा वेगळा तक्ता मागणारा मुद्दा जोडला आणि चूक मोकळेपणाने मान्य केली. परंतु हे त्यांना आधीच दिसायला हवे होते.

दुसरी तक्रार वेळेची आणि भाषेची. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, त्यातले बहुतेक दिवस संस्थेकडेच गेले आणि त्यांच्या आक्षेपांचे टिपण आमच्या हाती अवघे चार दिवस आधी पडले. त्यातही पाणी मुरण्याला ‘अंतःस्यंदन’ आणि वाहून जाण्याला ‘अपवाह’ असे शब्द होते. ज्यांच्या विहिरींचा प्रश्न आहे त्या बायामाणसांना ते वाचून दाखवता येईना, म्हणून आम्ही दोन रात्री बसून सगळे टिपण गावच्या बोलीत उतरवले. सुनावणीत तेच वाचले गेले आणि पावसाळी पाहणीची मागणी इतिवृत्तात नोंदली गेली.

वनस्पती आणि पाणी यांसाठी ही संस्था आम्ही पुन्हा निवडू, पण टिपण किमान दहा दिवस आधी आणि सोप्या मराठीत देण्याची अट करारात लिहून घेऊ. आवाजाचे मोजमाप दुसऱ्या प्रयोगशाळेकडे द्यायचे, असे मंडळाने ठरवले आहे.