स्की बॅग पुढे, आपण मागून: टोकियोतल्या एका हिवाळ्याचा अनुभव

डिसेंबर ते एप्रिल असा स्कीइंगचा अख्खा हंगाम आम्ही सामानासाठी दोन गोष्टींवर काढला. एक म्हणजे चाकांची, आतून जाड अस्तर असलेली १८० सेंटिमीटर लांबीची स्की बॅग. दुसरी म्हणजे ताक्क्यूबिन, जपानातली घरपोच कुरिअर सेवा. माझं मत आधीच सांगून टाकते. बॅग घ्याच, पण ती ओढत गाडीत चढवायला नव्हे, कुरिअरवाल्याच्या हाती द्यायला घ्या.

आम्ही टोकियोच्या पूर्वेकडच्या निशी-कासाईला राहतो. इथली बरीच मराठी कुटुंबं जिथून ये-जा करतात तीच तोझाई मेट्रो आमचीही. कोरोनाच्या आधी या लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या जवळजवळ २०० टक्के मोजली गेली होती. आता तेवढी नसली तरी कामाच्या दिवशी सकाळी सातला माणसापेक्षा उंच बॅग घेऊन त्या डब्यात शिरणं आपल्यालाही त्रासाचं आणि शेजारच्यांनाही. पुढे ओतेमाचीला उतरून भुयारी वाटेने टोकियो स्टेशन गाठायचं, तिथून शिंकान्सेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा फलाट. बूट अडकवायच्या पकडींसकट स्कीची जोडी सहा किलो, बूट चार किलो, बॅगेचं स्वतःचं वजन साडेतीन किलो, त्यात कपडे, आणि एका हाताला लेक. अंतर फार नाही, पण जिने आणि वळणं दमवतात.

गाडीच्या नियमांबद्दल लोकांचा गोंधळ फार होतो, म्हणून जरा नीट लिहिते. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली की जागा आधी राखून ठेवावी लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. हा नियम मे २०२० पासून आहे, पण तो तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू या मार्गांवरचा आहे. बर्फाकडे जाणाऱ्या जोएत्सु आणि होकुरिकु शिंकान्सेनला तो लागत नाही. शिवाय जिथे लागतो तिथेही खेळाच्या सामानाला त्यातून सूट आहे. म्हणजे स्की घेऊन गाडीत बसायला कुणी अडवत नाही. खरी अडचण जागेची. शनिवारी सकाळच्या, एचिगो-युझावा या स्कीइंगच्या गावाला जाणाऱ्या गाडीत शेवटच्या रांगेमागची मोकळी जागा दोन-तीन मोठ्या बॅगांतच भरून जाते.

आता ताक्क्यूबिन. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेल्या यामातो कंपनीने ही सेवा १९७६ मध्ये सुरू केली आणि १९८३ मध्ये खास स्कीसाठी वेगळी सोय काढली. इतक्या वर्षांचा सराव कामात दिसतो. चिठ्ठीवर स्की कधी वापरणार ती तारीख लिहायची, सामान आदल्या दिवशीपर्यंत मुक्कामी पोचतं. घरून उचलून नेण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. टोकियोहून नागानो किंवा निइगाता या बर्फाळ प्रांतांकडे एका बाजूचा खर्च आम्हाला साधारण दोन-अडीच हजार येन आला. जाण्या-येण्याचं एकदमच नोंदवता येतं, आणि ते मला सगळ्यांत आवडलं, कारण परतीच्या दिवशी अंगात त्राण नसतं. लॉजच्या काउंटरवर ओली बॅग सोपवायची, मोकळ्या हाताने गाडीत बसायचं, आणि बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. मुक्कामाच्या जागी आधी फोन करून सामान ठेवून घेतील का ते विचारा, आणि चिठ्ठीवर बुकिंगमधलंच नाव, राहायला पोचण्याच्या तारखेसह लिहा. दुसरं, एक दिवस हातात ठेवून पाठवा. डिसेंबर २०२० मध्ये टोकियोहून निइगाताकडे जाणाऱ्या कान-एत्सु महामार्गावर इतका बर्फ पडला की सुमारे २,१०० गाड्या अडकून पडल्या होत्या. युझावाकडे जाणारे ट्रक त्याच रस्त्याने जातात. सैबेरियाकडून येणारा गार वारा जपानच्या समुद्रावरची वाफ उचलतो आणि डोंगरांना धडकून ती बर्फ म्हणून टाकतो. ज्या बर्फासाठी आपण जातो तोच रस्ताही बंद करतो. मी नेहमी पाठीवरच्या पिशवीत हातमोजे, गॉगल, औषधं आणि एक दिवसाचे कपडे ठेवते.

उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, निसेकोला स्कीइंगसाठी जाताना हिशेब बदलतो. टोकियोहून सामानाला एक दिवस जास्त लागतो, आणि वॅक्सचा स्प्रे किंवा सुटी लिथियम बॅटरी आत असेल तर ते विमानाने न जाता जमिनीवरून आणि बोटीने जातं, म्हणजे आणखी उशीर. चिठ्ठीवर नुसतं ‘रोजच्या वापराच्या वस्तू’ असं मोघम लिहिलं तरी तोच धोका, म्हणून ‘स्की, बूट, कपडे’ असं स्पष्ट लिहावं. तिकडे मी बॅग विमानातूनच नेणं पसंत करते. मोठ्या कंपन्यांच्या देशांतर्गत विमानात मिळणाऱ्या २० किलोंत एका माणसाचं सगळं बसतं.

बॅगेबद्दल. अस्तर उत्तम, हंगामभरात स्कीच्या टोकांना एक ओरखडा नाही. चेन जाड प्लॅस्टिकच्या दातांची आहे, त्यामुळे थंडीत अडकली नाही. चाकांवर मात्र मी खूश नाही. ताज्या बर्फात ती फिरतच नाहीत, बॅग घसरत ओढावी लागते. आणि युझावाच्या रस्त्यांवर वेगळीच गंमत आहे. तिथे रस्त्यात पुरलेल्या नळ्यांतून भूजल फवारून बर्फ वितळवतात. ही युक्ती १९६१ मध्ये जवळच्या नागाओकात सुरू झाली. पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस झालेत, आणि दुसऱ्याच खेपेला आमच्या बॅगेचा तळही तांबूस झाला. तो डाग धुऊन जात नाही. घ्यायचीच तर तळाला पूर्ण प्लॅस्टिकचा पत्रा असलेली आणि गडद रंगाची घ्या. टोकियोतल्या कान्दा-ओगावामाची भागातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानांत बॅग उघडून, स्की आत घालून बघू देतात.

फेब्रुवारीत पुण्याहून ताई आणि भावोजी मुलांना घेऊन आले, तेव्हा या सेवेची खरी किंमत कळली. नारिता विमानतळावरच कुरिअरच्या काउंटरवर चारही मोठ्या बॅगा आमच्या पत्त्यावर पाठवल्या, फक्त गरम कपड्यांची एक सॅक घेतली, उएनोला गाडी बदलली आणि दुपारी मुलं बर्फात. बूट, स्की, जॅकेट सगळं तिथेच भाड्याने. वर्षातून एकदाच जाणाऱ्यांनी स्की विकत घेण्याच्या फंदात पडूच नये, असं मी मनापासून सांगेन. परत जाताना विमानतळावर सामान पाठवायचं असेल तर उड्डाणाच्या किमान दोन दिवस आधी द्यावं लागतं.

शेवटचं काम घरातलं. बर्फावरून आलेली बॅग तशीच कपाटात कोंबू नका. जूनमधला इथला पावसाळा कोकणातल्यासारखा दमट असतो, अस्तराला बुरशी धरते आणि स्कीच्या लोखंडी कडा गंजतात. आम्ही कडा पुसून, तेलाचा हात फिरवून, बॅगेची चेन उघडी ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. या जूननंतर उघडून पाहिली, आत कोरडी ठणठणीत होती.