ओटीजी, एअर फ्रायर की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह? मराठवाड्यातल्या ओट्याचा हिशोब

ओव्हन बघायला दुकानात जाण्याआधी स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड बघा. ओट्याजवळ मोठ्या पिनेचं, म्हणजे 16 अँपिअरचं सॉकेट आहे का? मिक्सर लावतो ते छोटं सॉकेट 6 अँपिअरचं. 230 व्होल्टला ते 1380 वॉटपर्यंतच झेपतं. 28-30 लिटरचा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, 1500 ते 1600 वॉट ओढतो, एअर फ्रायर बहुतेक 1400 ते 1500, आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह भट्टीसारखा चालवला की 2000 च्या आसपास किंवा त्याहून जास्त. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवून देणारं कन्व्हर्टर कोणत्याही दुकानात मिळतं, ते घेऊ नका. पिन बसते, पण भिंतीतली बारीक वायर तीच राहते. आमच्या परभणीच्या जुन्या घरात आधी सॉकेट पिवळं पडलं, मग जळका वास आला, आणि उघडून बघितलं तर आतलं प्लास्टिक वितळलेलं होतं. इलेक्ट्रिशियनकडून ओट्यापर्यंत वेगळी तांब्याची वायर ओढून घ्या, निदान 2.5 चौरस मिलिमीटरची. हा खर्च ओव्हनच्या किमतीतच धरायचा.

अर्थिंगही तपासून घ्या. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि तिसऱ्या पिनेचा उपयोग उरत नाही. ओव्हनच्या पत्र्याला हात लावला आणि मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पिन काढा, आणि अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत ओव्हन लावू नका. मार्च ते जून खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतलं तर फरक पडतो. त्याला भाज्या धुतलेलं पाणीसुद्धा चालतं.

हे सगळं आधी लिहिण्याचं कारण म्हणजे सेलूची माझी मावसबहीण. घरच्या घरी नानकटाई करून विकायचं तिच्या मनात आहे, आणि तिन्हींपैकी काय घेऊ असं ती महिनाभर विचारते आहे. माझ्याकडे ओटीजी आठ वर्षं आहे. जाऊबाईंकडे एअर फ्रायर आहे, तो मी भरपूर वापरला. आणि नांदेडला भाड्याच्या घरात होतो तेव्हा दोन वर्षं कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हवर काढली. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

तिघांची जात वेगळी

ओटीजी म्हणजे वर-खाली रॉड असलेली पत्र्याची पेटी. खालचे रॉड, वरचे रॉड किंवा दोन्ही, असं बटणावर ठरवायचं. तापमान साधारण 100 ते 250 अंश. काही मॉडेलांत आतली हवा फिरवणारा पंखा असतो. असलेला बरा, पण त्याच्यावाचून अडत नाही. एअर फ्रायरच्या नावात तळणं आहे, पण तो तळत नाही. वर एक रॉड, त्याच्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीचं भांडं. म्हणजे छोट्या जागेतला, जोरदार वाऱ्याचा ओव्हनच. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये दोन यंत्रं एकत्र असतात. एक मायक्रोवेव्हचं, जे अन्नातलं पाणी तापवतं, आणि दुसरं रॉड-पंख्याचं. तो ओव्हन म्हणून चालवताना बहुतेक 200 ते 220 अंशांपर्यंतच जातो, आणि आतली काच फिरत असल्यामुळे चौकोनी ट्रे अडतो.

आता शिळी भाजी, भात, दूध तापवायचं, हेच घरातलं मुख्य काम असेल तर ओटीजीचा विचार सोडून द्या. ओटीजीत भात गरम करणं म्हणजे पंधरा मिनिटं वीज जाळून वरचा थर वाळवणं. त्या कामाला मायक्रोवेव्हच, आणि तोही साधा, बिनकन्व्हेक्शनचा, पुरतो.

आपले पदार्थ घालून बघितलं तर

नानकटाईपासून सुरू करते, कारण सगळा फरक तिथेच कळतो. 25 ग्रॅमची एक धरली तर किलोला चाळीस नग होतात. 30 लिटरच्या ओटीजीच्या ट्रेवर वीस-बावीस मोकळ्या बसतात. 160 अंश, दोन्ही रॉड, मधला खण, अठरा ते वीस मिनिटं. म्हणजे दोन ट्रेमध्ये किलो उरकतो. मागची रांग आधी तांबूस होते, म्हणून दहा मिनिटांनी ट्रे फिरवून ठेवायचा. जाऊबाईंच्या साडेचार लिटरच्या एअर फ्रायरमध्ये एका वेळी सहा-सात बसतात, म्हणजे तेवढ्याच किलोला सहा घाणे आणि दीड तास. शिवाय वाऱ्यामुळे नानकटाईचं वरचं अंग आतल्याच्या आधी वाळतं आणि वेडीवाकडी तडकतं. मोकळा बटर पेपर उडून वरच्या रॉडला चिकटू शकतो. तो धोका लक्षात ठेवा, कागदावर नेहमी वजन हवं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये नानकटाई चांगली होते, पण गोल ताटलीवर एका वेळी बारा-चौदाच.

आणि चौथा पर्याय आपल्याकडे आधीपासून आहे: बेकरीची भट्टी. दिवाळीच्या आठवड्यात रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं आणि डबे भरून घरी यायचं. वर्षातून एकदा पाच किलो नानकटाई एवढीच गरज असेल तर भट्टीच करा. विटांच्या भट्टीत धरून राहिलेली ऊब पत्र्याच्या पेटीत येत नाही. पण दर आठवड्याला ऑर्डर असेल तर रांगेत किती वेळ घालवणार? बहिणीला मी ओटीजीच सांगितला आहे.

शेंगदाणे. आपल्याकडे चटणीला, कुटाला, धपाट्यांबरोबर तोंडी लावायला दाणे किती लागतात ते वेगळं सांगायला नको. अर्धा किलो दाणे ट्रेवर एका थरात पसरून 160 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं, मध्ये दोनदा हलवायचे. कढईत काही दाणे काळे आणि काही कच्चे राहतात, तसं इथे होत नाही. बाहेर काढल्यावरही दाणा आतल्या उष्णतेने भाजत राहतो, म्हणून हवा त्या रंगाच्या जरा आधी काढायचे. पाव किलोपर्यंत एअर फ्रायर याहून झटपट करतो, पण सालं उडून पंख्याकडे जातात. साफ करताना त्याची आठवण होते.

भरताचं वांगं मी आजही गॅसवरच भाजते. ओटीजीत तेल लावून, टोचे मारून, 220 अंशांवर चाळीस मिनिटांत ते लोण्यासारखं मऊ होतं. एअर फ्रायर वीस-पंचवीस मिनिटं घेतो. मायक्रोवेव्ह सात-आठ मिनिटांत उकडून देतो आणि चव घालवतो. धुराचा वास मात्र तिघांतही नाही. पाहुण्यांसाठी सहा वांगी एकदम भाजायची असतील तेव्हा मी ओटीजीत मऊ करून शेवटी दोन-दोन मिनिटं जाळावर धरते. याने भागतं.

रोडग्यांनी मला खरा आनंद दिला. गोवऱ्या पेटवायला आता अंगण कुठे आहे? घट्ट कणकेचे गोळे, 200 अंश, दोन्ही रॉड, पस्तीस-चाळीस मिनिटं, अर्ध्यावर एकदा उलटायचे. गोवरीचा वास येत नाही. कवच मात्र खरपूस होतं, फोडून तुपात बुडवला की वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर लेकरं मागून खातात. एअर फ्रायरमध्ये चार-पाच रोडगे उत्तम होतात, दोघांच्या घराला तेवढे पुरे.

नान-खलियाचं, म्हणजे मटणाच्या रश्शाबरोबर खायचं नानही घरी करून बघावं असं छत्रपती संभाजीनगरच्या कुणालाही वाटेल. ते पाव म्हणून चांगलं होईल, तंदुरातल्यासारखं होणार नाही. तंदूर 400 अंशांच्या वर तापतो, घरचा ओव्हन 250 ला थांबतो.

कमी व्होल्टेज आणि गेलेली वीज

पाककृतीत वीस मिनिटं लिहिलेली असतात आणि आपल्याकडे तीस लागतात, याचं कारण बहुतेक वेळा व्होल्टेज असतं. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरलं तरी ताकद बरीच उतरते. 230 चे 190 व्होल्ट झाले की 1500 वॉटचा ओव्हन जेमतेम 1020 वॉटचा उरतो. शेतीपंप चालू असताना किंवा मे महिन्यात सगळ्यांचे कूलर लागलेले असताना हे होतंच. ओटीजीचं यात बिघडत काही नाही, तो फक्त हळू तापतो. म्हणून वेळेवर विसंबू नका. दोनतीनशे रुपयांचा ओव्हनमधला थर्मामीटर आणून आत ठेवा, कारण बटणावरच्या आकड्यात आणि आतल्या उष्णतेत दहा-वीस अंशांचा फरक नव्या ओटीजीतही सापडतो. फ्रिजचा स्टॅबिलायझर ओव्हनला जोडू नका, त्याची तेवढी ताकद नसते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवरही यातलं काहीच चालत नाही.

वीज मध्येच गेली तर? फिरकीच्या बटणांचा ओटीजी दार न उघडता तसाच ठेवा. पाच-दहा मिनिटं ऊब टिकते, आणि वीज आली की तो आपोआप सुरू होतो. यातच धोकाही आहे. टायमर ‘कायम चालू’ या खुणेवर असेल, वीज गेली म्हणून तुम्ही कुलूप लावून बाहेर पडलात, आणि मागे वीज आली, तर रिकाम्या घरात ओव्हन तापत राहतो. वीज गेली की टायमर शून्यावर आणून ठेवायची सवय लावा. डिजिटल एअर फ्रायर आणि मायक्रोवेव्ह बहुतेक नव्याने सुरू करावे लागतात.

बिलाचं म्हणाल तर किलोभर नानकटाईला, तापवण्याचा वेळ धरून, ओटीजी तासभर चालतो. 1500 वॉटने तासाला जास्तीत जास्त दीड युनिट. थर्मोस्टॅट मधे मधे रॉड बंद करतो, म्हणून खरा खर्च एकाच्या आसपास येतो. महिन्याला 100 युनिटांच्या आत राहणाऱ्या घराने मात्र हिशोब ठेवावा, कारण 100 च्या पुढच्या युनिटांचा दर बराच चढा आहे.

दुरुस्तीत ओटीजीच पुढे आहे. रॉड, थर्मोस्टॅट, टायमर हे तालुक्याच्या गावातला जाणता इलेक्ट्रिशियनही बदलतो. एअर फ्रायरचा सर्किट बोर्ड गेला तर कंपनीचा माणूसच लागतो. आणि मायक्रोवेव्ह कुणालाही उघडू देऊ नका. पिन काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

किती लिटरचा?

पहिला ओटीजी मी 9 लिटरचा घेतला होता. दुकानदार म्हणाला, चौघांना भरपूर आहे. टोस्टला भरपूर होता. केक फुगून वरच्या रॉडपर्यंत पोचला आणि मध्ये कच्चा राहिला. छोट्या पेटीत रॉड पदार्थाच्या फार जवळ येतात. टोस्ट-सँडविचपुरता 9-10 लिटरचा ठीक आहे. भाजणं, बेकिंग मनापासून करायचं असेल तर 28-30 लिटरच्या खाली येऊ नका. 40 च्या वर जायची गरज विकणाऱ्यांनाच. दोघांचं घर, ओटा अरुंद, टिक्की-कबाब-बटाटे एवढंच हवं असेल तर एअर फ्रायर घ्या. तो तापायला लागणारी दोन-तीन मिनिटं आणि ओटीजीची दहा-बारा, हा फरक रोजच्या घाईत मोठा आहे.

पाणी मोजून सफाई

ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात कोणतं यंत्र धुवायला किती पाणी मागतं हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. एअर फ्रायरचं भांडं आणि जाळी प्रत्येक वापरानंतर धुवावीच लागते, नाहीतर पुढच्या वेळी जुनं तेल जळून धूर येतो. तारेच्या घासणीने त्याचा नॉनस्टिक थर खरवडून निघतो, त्याला मऊ स्पंजच हवा. मायक्रोवेव्ह सगळ्यांत सोपा: वाटीभर पाण्यात लिंबाची फोड घालून तीन-चार मिनिटं चालवा, थोडा वेळ तसाच ठेवा, वाफेने सुटलेलं ओल्या फडक्याने पुसा.

ओटीजी कोरडा साफ होतो. पिन काढून तो पूर्ण गार झाला की तळाचा चुऱ्याचा ट्रे ओढून झटकायचा. हे प्रत्येक वापरानंतर करायचं, कारण दाण्याची सालं आणि पावाचा चुरा खालच्या रॉडजवळ पेटू शकतो. भिंतींवरचा तेलकट डाग ताजा असताना कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने निघतो. जुना असेल तर खाण्याच्या सोड्याचा दाट लेप रात्रभर लावून सकाळी पुसायचा, लेप रॉडला लागू द्यायचा नाही. रॉडच्या नळीत तापणारी तार आणि तिच्याभोवती पांढरी भुकटी भरलेली असते. टोकांतून ओल आत गेली की पुढच्या वेळी झटका बसू शकतो किंवा फ्यूज उडतो. रॉडवर काही सांडलं तर पुसत बसू नका, पुढच्या वापरात जळून जाईल.

कॉस्टिकची पावडर आतल्या पत्र्याला आणि अॅल्युमिनियमच्या ट्रेला काळं करते. दाराची काच गरम असताना ओलं फडकं लावू नका, ती तडकते. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरट थर धरतो. थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस फडक्यावर घेऊन पुसलं की जातो. तळाला अॅल्युमिनियम फॉइल अंथरून सफाई वाचवायचा सल्ला बरेच जण देतात, तो मानू नका. खालच्या रॉडची उष्णता फॉइलने परतते आणि थर्मोस्टॅट फसतो.

नवा आणल्यावर पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवून 250 अंशांवर वीस मिनिटं रिकामाच चालवा. रॉडवरचं कारखान्यातलं तेल जळून थोडा धूर येईल. भिंतीपासून वीतभर जागा सोडा, आणि मे महिन्यात पारा 42-43 वर असताना भाजण्याची कामं सकाळी आठच्या आत उरका.