मेसालामाइन एनिमा: औषधाला पैकीच्या पैकी, बाटली काठावर पास

एनिमा म्हटलं की पोट साफ करायची बाटली आठवते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तो फॉस्फेटचा एनिमा. आतलं सगळं बाहेर काढणं हे त्याचं काम. मोठ्या आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनचा प्रकार बरोबर उलटा: आत घ्यायचा आणि रात्रभर आतच ठेवायचा. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या खालच्या मेडिकलमध्ये फरक लगेच कळतो, पण गल्लीतल्या दुकानात नुसतं ‘एनिमा द्या’ म्हटलं तर भलतीच बाटली हातात पडू शकते. चिठ्ठी दाखवा आणि बाटलीवरचं नाव स्वतः वाचा. कुठे ‘मेसालाझिन’ असं छापलेलं असेल तर बिचकू नका, औषध तेच. इथे विचार केलाय तो ४ ग्रॅम, ६० मिलीच्या बाटलीचा.

कोलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आजारातली, सूज गुदाशयापासून वर डाव्या बाजूला, प्लीहेजवळच्या वळणापर्यंत असेल तर हे औषध थेट जखमेवर पोहोचतं. त्याच्या वर ते जात नाही. म्हणून लहान आतड्यातल्या क्रोन्सला (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) याचा उपयोग नाही. तोंडाने घ्यायच्या मेसालामाइनच्या गोळ्या चालू असतील तर ‘आता हे कशाला?’ असं वाटतं. पण दोन्ही मिळून जो गुण येतो तो एकट्या गोळ्यांनी येत नाही.

आता वापर. झोपण्याआधी संडासला जाऊन या. बाटली चांगली हलवा, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता घेतली तर अर्धं औषध बाटलीतच राहतं. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा छातीकडे. टोपण काढून नळीच्या टोकाला थोडी पेट्रोलियम जेली किंवा वंगण जेली लावा. टोक बेंबीच्या रोखाने हलकेच आत सरकवा, जोर नको. मग बाटली सावकाश, एका दमात दाबा. घाईने पिचकारी मारली की आतडं आकसतं आणि कळ येते. सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या क्षणी: बाटली सैल सोडून नळी बाहेर काढली की औषध परत बाटलीत ओढलं जातं. दाबलेली बाटली तशीच धरून काढा. त्यानंतर अर्धा तास कूस बदलू नका, मग हवं तसं झोपा. ८ तास राहिलं तर उत्तम.

पहिल्या काही रात्री इतकं राहत नाही, आणि बरेच जण इथेच हात टेकतात. सुजलेला गुदाशय ताणला जात नाही. ६० मिलीसुद्धा त्याला जड होतं. वीस मिनिटांत उठावं लागलं तरी घेतलेलं पूर्ण वाया जात नाही. सूज उतरू लागली की वेळ आपोआप वाढतो. अगदीच थांबत नसेल तर ‘गुण नाही’ म्हणून बंद करू नका. आधी काही दिवस सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची औषधाची वडी) द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा.

बाटलीचे गुण कापले ते डागांसाठी. आतला द्रव मळकट पांढरा असतो, पण हवा लागली की तपकिरी होतो. चादर, गादी, संगमरवर, ग्रॅनाइट, कशालाच सोडत नाही. अंगाखाली रबर शीट, वर जुनं धोतर किंवा टॉवेल, आणि कपडे गडद रंगाचे. फरशीवर थेंब पडला तर तिथल्या तिथे पुसा. सकाळपर्यंत ठेवला की गेला. बाटलीतलंच औषध गडद तपकिरी झालं असेल तर फेकून द्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात साठवण हे वेगळंच काम. औषधाला साधारण २५ अंश हवेत आणि नवतप्यात बाहेर ४५. गाडीच्या डिक्कीत बाटल्या टाकून बाजारहाट करत फिरू नका, दुकानातून थेट घरी या. स्लॅबखालची वरची खोली टाळा. कूलर लागतो त्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीत, उजेडापासून दूर ठेवा. फ्रिजमध्ये नको. गार औषधाने मुरडा येतो. जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा तर बाटली वापरण्याआधी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात धरलेली बरी. सपोझिटरीचं उलटं: ती उन्हाळ्यात मऊ पडते, म्हणून वेष्टन न काढता थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून कडक करून घ्यायची.

प्रवासात हा एनिमा निरुपयोगी. विदर्भ एक्स्प्रेसच्या बर्थवर डाव्या कुशीचा कार्यक्रम कोण करणार? अशा रात्रींसाठी काय करायचं ते तिकीट काढतानाच डॉक्टरांशी ठरवा.

फरक ३ दिवसांतही दिसतो, कधी ३ आठवडे लागतात. नेहमीचा कोर्स ३ ते ६ आठवड्यांचा. संडासातून पडणारं रक्त थांबलं की बाटल्या कपाटात पडून राहतात आणि लग्नसराईत सावजी रस्सा-तर्रीवर ताव मारल्यावर त्रास उलटला की दोष रश्श्याला जातो. अर्धवट सोडलेल्या कोर्सचं नाव कोणी घेत नाही. तो मनाने बंद करायचा नसतो. काहींना नंतरही दोन-तीन रात्रींआड चालू ठेवायला सांगतात.

दमा असेल तर घटकांत सल्फाइट (औषध टिकवायला घालतात ते) आहे का ते पाहा, ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी सुरुवातीला आणि मग अधूनमधून. घेतल्यावर ताप, पुरळ, किंवा मुरडा आणि रक्त उलट वाढलं तर पुढची बाटली न घेता फोन करा. एकगठ्ठा बाटल्या घेताना पेटीवरची नव्हे, प्रत्येक बाटलीवरची मुदत बघा.