बटाट्यावर क्रॉप कव्हर: २ हिवाळ्यांचा अनुभव

माझं माहेर मंचरजवळचं. बटाटा लहानपणापासून पाहिलेला, पण सातगाव पठारावरचा, पावसाळ्यातला. थंडीने पीक जळतं हे कळलं लग्नानंतर, इकडे मध्य प्रदेशात देवासला. दहिवर गोठलं की इथले लोक 'पाला पडला' म्हणतात. आपल्या मराठीत पाला म्हणजे पानं, आणि हा पाला नेमकी पानंच खातो. सकाळी ती उकडल्यासारखी ओलसर, गडद दिसतात आणि दुपारपर्यंत काळी पडतात. ३ वर्षांपूर्वी जानेवारीत आमचं सगळं शेत एका रात्रीत असं गेलं. लागवडीला ७० दिवस झालेले, ऐन पोसण्याची वेळ. मातीखालचे बटाटे शाबूत होते, पण पानंच नाहीत तर पोसणार कशावर? बरेचसे लिंबाएवढेच निघाले.

पुढच्या हंगामात घरालगतच्या अर्ध्या बिघ्यासाठी, म्हणजे साधारण १० गुंठ्यांसाठी, १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) पांढरं क्रॉप कव्हर, म्हणजे पीक झाकायचं पातळ कापड, आणलं. कलिंगडावर टाकतात तेच. १.६ मीटर रुंदीचे, ४०० मीटर लांबीचे २ रोल जेमतेम पुरले. एका पट्टीखाली २ वरंबे बसतात.

पहिल्या वर्षी कापड थेट झाडांवर अंथरलं, ही चूक झाली. जिथे कापड पानाला टेकलं तिथे शेंडे करपले, बाकी झाड हिरवं. मग बांबूच्या कामट्यांच्या कमानी केल्या आणि तो त्रास संपला. दुसरी गोष्ट वेळेची. दिवसभर तापलेली जमीन रात्री ऊब सोडते, ती कापडाखाली अडकली पाहिजे. म्हणून ऊन उतरायच्या आत झाकायचं. रात्री ९ वाजता बॅटरी घेऊन झाकलं तेव्हा फारसा उपयोग झाला नाही.

पानांच्या उंचीवर २ थर्मामीटर लावले होते, एक आत आणि एक बाहेर. सगळ्यात वाईट पहाटे बाहेर उणे १ आणि आत सव्वा अंश होतं. फरक सव्वादोन अंशांचाच, पण पीक वाचलं ते तेवढ्यावरच. मोबाइलवर मात्र तेव्हा ३ अंश दिसत होतं. हवामानाची नोंद माणसाच्या छातीच्या उंचीवरची असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगत त्याहून बरंच गार होतं. त्यामुळे मी सासूबाईंच्या खुणेवर जास्त विसंबते: संध्याकाळी वारा थांबला, आभाळ स्वच्छ आहे आणि दिवसभर बोचरी थंडी होती, तर झाकायचंच.

सगळ्यात महाग पडला तो आळस. मागच्या जानेवारीत ढगाळ हवेत कापड सलग ३ दिवस काढलं नाही. आत दमटपणा साचला आणि करपा रोग आला. एक कोपरा उपटून टाकावा लागला, फवारणीचा खर्च वेगळा. आता ऊन आलं की एक बाजू उचलून दुमडतेच, कितीही कामं असोत. दोघांना सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी तेवढाच वेळ लागतो. मजुरीने करून घ्यायचं तर हे परवडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या शेतावर आम्ही अजूनही संध्याकाळी हलकं पाणीच देतो. ओली जमीन ऊब जास्त धरते, आणि थोड्या थंडीत तेवढं पुरतं. धूर केला, पण जरा वारा हलला की तो शेजारच्या शेतात जातो. गंधकाम्लाची सौम्य फवारणीही सुचवतात. घरात लहान मुलं आहेत, मी ती बाटली आणू दिली नाही.

२ हंगामांत कापड कामट्यांच्या टोकांशी फाटलंय, एक रोल तिसऱ्या वर्षी चालेल असं वाटत नाही. नवा घेताना थोडा जाड, २५ जीएसएमचा घेणार आहे. दिवसा उघडतोच, त्यामुळे उजेड कमी पडायची काळजी नाही. कामट्यांची टोकं मात्र या वेळी सुतळीने गुंडाळूनच रोवणार.