वाचनालयाचे संकेतस्थळ आणि वेब डिझाइनची दोन सॉफ्टवेअर: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

२६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, मराठी भाषा गौरव दिनाच्या आदल्या दिवशी, आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ बंद पडले. दुसऱ्या दिवशीच्या काव्यवाचन स्पर्धेची नावनोंदणी त्यावरच चालू होती आणि फोंडा तालुक्यातल्या शाळांना मी तोच पत्ता कळवला होता. पत्ता उघडला की कोऱ्या पानावर एवढेच दिसे, की हे संकेतस्थळ सध्या उपलब्ध नाही, तेही इंग्रजीत. रात्री साडेअकरापर्यंत मी ते संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाशी चॅटवर वाद घालत होते. सकाळी दारात टेबल मांडून मुलांची नावे वहीत लिहून घेतली आणि स्पर्धा पार पाडली. तेव्हाच हा अनुभव लिहायचे ठरवले होते, पण रागाच्या भरात लिहिलेले कोणाच्या उपयोगी पडले नसते. म्हणून सात महिने दुसरे सॉफ्टवेअर वापरले आणि आता लिहीत आहे.

माझे मत कुठून आले हे आधी सांगते. मी फोंड्यातल्या एका छापखान्यात २२ वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम केले. पेजमेकर उघडायचे, श्रीलिपीचे फॉन्ट लावायचे आणि लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रके, नाटकांच्या जाहिराती, पतसंस्थांचे अहवाल जुळवायचे. एखाद्या शीर्षकातला रफार वरच्या ओळीला टेकला तरी प्रूफ परत येत असे आणि ते योग्यच होते. वाचनालयाच्या समितीने संकेतस्थळाचे काम माझ्याकडे दिले, तेव्हा मला कोड लिहिता येत नव्हता. त्यामुळे पेजमेकरसारखे, माउसने उचलून पान मांडता येईल असेच सॉफ्टवेअर मी शोधत होते.

निवड करताना मी बराच वेळ घालवला. संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरपैकी फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर ही नावे छापखान्यात ऐकलेली होती. मायक्रोसॉफ्टने फ्रंटपेज २००६ मध्ये बंद केले. ड्रीमवीव्हर १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाने आणले आणि पुढे ते अडोबीकडे गेले, पण त्याचे मासिक भाडे आमच्या वर्गणीला झेपणारे नव्हते. माझ्यासारख्या पानमांडणी करणाऱ्यांसाठीच अडोबीने म्यूज काढले होते. २०१८ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले आणि २०२० मध्ये साहाय्यही संपले. हे वाचूनच माझ्या मनात पहिला प्रश्न उभा राहायला हवा होता, की सॉफ्टवेअर गेले तर माझी पाने कुठे जातील. तो राहिला नाही. विक्स या ब्राउझरमधल्या सेवेवर केलेले संकेतस्थळ उचलून दुसऱ्या होस्टिंगवर, म्हणजे पाने ठेवण्याच्या दुसऱ्या जागी, नेता येत नाही, आणि वेबफ्लो या तशाच सेवेमधून कोड बाहेर काढता येतो पण त्यासाठी पैसे भरलेली योजना लागते व बाहेर काढलेल्या पानांवरचे फॉर्म चालत नाहीत, हे मला फार नंतर समजले. वर्डप्रेस फुकट आहे हे माहीत होते, परंतु त्याची आणि त्याच्या प्लगइनांची, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरची, अद्यतने कोण सांभाळणार, या चिंतेने मी ते बाजूला ठेवले. शेवटी भाच्याच्या सल्ल्याने एका परदेशी कंपनीची, ब्राउझरमध्येच चालणारी सेवा घेतली.

सुरुवातीचे दिवस खरोखर आनंदाचे होते. जून महिना होता, बाहेर धो धो पाऊस आणि मी पहिल्याच आठवड्यात मुखपृष्ठ, ग्रंथसंपदा, कार्यक्रम आणि संपर्क अशी चार पाने उभी केली. छायाचित्रे टाकली की ती आपोआप लहान-मोठी होऊन मोबाइलवर नीट बसत. छापील पानाची रुंदी ठरलेली असते आणि संकेतस्थळाच्या पानाची नसते, ही गोष्ट मला त्या सेवेने उत्तम शिकवली, आणि तिचे हे श्रेय मी आजही नाकारत नाही. मात्र वीज गेली की काम थांबे आणि दोनदा तासाभराचे लिखाण गेले; आमच्या गावात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

आता मुख्य तक्रारीकडे येते. मुखपृष्ठावर मी वाचनालयाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आणि पाहते तो शिरोरेखा तुटलेली. प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षरापासून सुटे, वर रेघेचे तुकडे, मधे फटी. रोमन लिपीतल्या शीर्षकांना ऐसपैस दिसावे म्हणून टेम्पलेट, म्हणजे पानांचे तयार साचे, करणारे लोक अक्षरांमधले अंतर, म्हणजे लेटर स्पेसिंग, दोन-तीन पिक्सेलने वाढवून ठेवतात. रोमन अक्षरे मुळातच सुटी असल्यामुळे त्यांचे काही बिघडत नाही. देवनागरीत शब्द शिरोरेखेने बांधलेला असतो आणि ते अंतर वाढले की शब्दच उरत नाही, नुसती अक्षरे उरतात. गोव्यातल्या कितीतरी हॉटेलांची, देवस्थानांची आणि शाळांची संकेतस्थळे मी नंतर मुद्दाम उघडून पाहिली. तुटलेल्या शिरोरेखा सर्रास दिसल्या आणि त्याविषयी कोणी बोलतही नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरा त्रास ओळीच्या उंचीचा, म्हणजे लाइन हाइटचा. शीर्षकांना ती टेम्पलेटमध्ये एकपट किंवा एक दशांशाने जास्त ठेवलेली असते. रोमन मोठ्या अक्षरांना तेवढी पुरते. पण 'वार्षिक' मधला रफार, 'कीर्तन' मधली वेलांटी आणि तिच्या शेजारचा रफार, 'कुटुंब' मधले उकार यांना वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. ज्या शीर्षकात टेम्पलेटने अक्षरांच्या आत रंगछटा भरली होती, तिथे तर मात्रा वरून सरळ कापल्या जात. मी प्रत्येक शीर्षकाची उंची दीडपटीच्या जवळ नेली तेव्हा अक्षरे पूर्ण दिसू लागली.

तिसरी गोष्ट फॉन्टची. टेम्पलेटमधले देखणे फॉन्ट केवळ रोमन अक्षरांचे होते. तशा फॉन्टमध्ये मराठी मजकूर लिहिला की ब्राउझर गुपचूप त्या यंत्रातला देवनागरी फॉन्ट वापरतो. माझ्या विंडोजवर तो निर्मला यूआय, माझ्या अँड्रॉइड फोनवर नोटो, आणि भाच्याच्या आयफोनवर कोहिनूर. त्यामुळे रचनेच्या पडद्यावर मी जे पान पाहत होते, ते वाचकाला दिसतच नव्हते. मग मी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्त' फॉन्टवर आले. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच हाताने काढलेली आहेत आणि वजनेही, म्हणजे अक्षरांचे जाड-बारीक प्रकार, पुरेशी आहेत. जुन्या वार्षिक अंकांतले लेख मात्र श्रीलिपीत जुळवलेले होते, ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घेण्यातच गणपतीपर्यंतचा काळ गेला. तो दोष कोणत्याच वेब सॉफ्टवेअरचा नाही.

इथे मला माझे आधीचे मत दुरुस्त केले पाहिजे. शिरोरेखा तुटण्याबद्दल मी मदतकक्षाला जी पत्रे लिहिली, त्यांत सारा दोष त्यांच्या सॉफ्टवेअरवर टाकला होता. नंतर लक्षात आले की अक्षरांमधले अंतर सर्व शीर्षकांसाठी एकाच ठिकाणी शून्य करण्याची सोय तिथे होती. मी एकेक शीर्षक हाताने दुरुस्त करत बसले, कारण ती सोय कुठे आहे हे मी शोधलेच नाही. तेव्हा निम्मा दोष टेम्पलेट करणाऱ्याचा आणि काही माझा. तरीही मजकूर देवनागरी आहे हे ओळखून ते अंतर आपोआप शून्य करणे कंपनीला अवघड नसावे, असे मला वाटते.

परंतु एका बाबतीत दोष पूर्णपणे सेवेचाच होता आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर. प्रत्येक पानाच्या मुळाशी ते पान कोणत्या भाषेत आहे हे एका संकेताने सांगायचे असते. मराठीसाठी 'एमआर', कोकणीसाठी 'केओके'. आमचे कोकणी पानही देवनागरीतच आहे, त्यामुळे यंत्राला नुसत्या लिपीवरून भाषा कळणे शक्य नाही. या सेवेत सर्व पानांवर इंग्रजीचा संकेत होता आणि माझ्या योजनेत तो बदलता येत नव्हता. ज्या फॉन्टांत 'ल' आणि 'श' यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे घातलेली असतात, ते फॉन्ट हा संकेत पाहूनच मराठी वळण देतात. आणि पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यावरूनच आवाज निवडते. म्हणूनच डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मानकांत पानाची भाषा सांगणे ही अगदी पहिल्या पातळीवरची अट आहे. आमचे एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त मास्तर, दृष्टी अधू झाल्यापासून फोनकडून वाचून घेतात. ते मला म्हणाले, "ताई, वर्तमानपत्राचे पान फोन मला वाचून दाखवतो. आपल्या वाचनालयाचे पान आले की तो गप्प का होतो?" मी हा प्रश्न मदतकक्षाकडे पाठवला. वरची योजना घ्या आणि स्वतःचा कोड घाला, असे उत्तर आले. वाचनालयाने आपल्याच सभासदाला पान ऐकू यावे म्हणून जास्त पैसे भरावेत, हे मला मान्य नव्हते आणि आजही नाही.

पैशांचे असे झाले. शुल्क डॉलरमध्ये, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वर बँकेचे परकीय चलनाचे शुल्क; त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा दर महिन्याला बरीच जास्त रक्कम जात असे. फेब्रुवारीत खजिनदारांच्या कार्डाची मुदत संपली आणि नवे कार्ड आले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या रकमेसाठी कार्डावर ई-मँडेट, म्हणजे आगाऊ संमती, नोंदवावी लागते; ती नव्या कार्डावर नव्हती, म्हणून पैसे गेले नाहीत. सूचनेची पत्रे वाचनालयाच्या ईमेलवर आली होती आणि तो आठवड्यातून एकदाच उघडला जातो, ही आमची चूक. मात्र २६ तारखेला मी नव्या कार्डाने पैसे भरू लागले तेव्हा व्यवहार पुन्हा पुन्हा फसत होता. कंपनी बँकेकडे बोट दाखवी आणि बँक म्हणे, आमच्याकडे विनंतीच आलेली नाही. संकेतस्थळ २ मार्चला सुरू झाले आणि रक्कम दोनदा कापली गेली. या चार दिवसांत मला माझ्याच पानांची प्रतही मिळवता आली नाही, कारण बाहेर काढण्याची सोयच नव्हती. सेवा सोडताना ३८ पानांचा मजकूर मी एकेक करून कॉपी केला.

त्यानंतर मी पाइनग्रो घेतले. हे संगणकावर बसवायचे सॉफ्टवेअर असून विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. ते साध्या एचटीएमएल फाइली, म्हणजे संकेतस्थळाच्या पानांच्या मूळ फाइली, थेट उघडते आणि त्यांतच बदल जतन करते. स्वतःचे वेगळे स्वरूप लादत नाही. पहिले दोन आठवडे मला ते मुळीच आवडले नाही. एचटीएमएल आणि पानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसची ओळख आहे असे ते गृहीत धरते, पडद्यावर साधनांच्या पट्ट्या फार, आणि पेजमेकरमधल्यासारखी एखादी चौकट उचलून कुठेही ठेवता येत नाही. मी भाच्याला सांगितलेही होते की पैसे वाया गेले. पण एप्रिलमध्ये, सीएसएसच्या एका फाइलमध्ये शीर्षकांचे अंतर शून्य, ओळीची उंची दीडपट आणि फॉन्ट 'मुक्त' असे एकदाच लिहिले आणि ३८ पाने एका क्षणात सुधारली, तेव्हा माझे मत बदलले. अशीच सोय पहिल्या सेवेतही होती हे खरे, पण इथे ती मला दिसली, कळली आणि फाइल माझ्या हातात राहिली. पानाचा भाषासंकेत बदलायला दोन अक्षरे पुरली. पावसाळ्यात इंटरनेट गेले तरी काम चालू राहते. लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत विजेचीही काळजी नाही.

पाने आता गिटहब पेजेस या पाने ठेवण्याच्या सेवेवर विनामूल्य ठेवली आहेत; संकेतस्थळासाठी १ जीबीची मर्यादा आहे आणि आमची पाने त्याच्या जवळपासही जात नाहीत. खर्च उरला तो डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, वार्षिक शुल्काचा. नावनोंदणीचा फॉर्म मात्र अशा स्थिर, म्हणजे नुसत्या फाइलींच्या, पानांवर स्वतःहून चालत नाही, म्हणून गूगल फॉर्मचा दुवा दिला आहे आणि तो वेगळ्या पानावर उघडतो, हे मला खटकते. छायाचित्रे लहान करण्याचे कामही आता हाताने करावे लागते आणि त्या बाबतीत मला जुन्या सेवेची आठवण येते. घरगुती व्यवसायासाठी चार पाने हवी असतील, मराठी मजकूर थोडा असेल आणि कोडाकडे पाहायचीही इच्छा नसेल, तर तशी सेवा घेण्यास माझी हरकत नाही; पण पैसे भरण्यापूर्वी चाचणीच्या काळात शीर्षकात 'वार्षिक कीर्तन', 'कुटुंब', 'दऱ्याखोऱ्या' हे शब्द लिहून ते तीन वेगवेगळ्या फोनांवर पाहावेत, पानाचा भाषासंकेत बदलता येतो का हे लेखी विचारावे आणि आपली पाने बाहेर काढून दाखवायला सांगावे.

मास्तरांचा फोन आता कार्यक्रमांचे पान मराठीत वाचतो. जोडाक्षरांवर तो अजून कधीकधी अडखळतो, पण तो आवाजाचा प्रश्न आहे. कोकणी पानासाठी त्यांच्या फोनवर आवाजच मिळाला नाही, त्यामुळे ते पान मी सध्या त्यांना फोन करून वाचून दाखवते. दोनदा कापलेल्या रकमेपैकी एक अजून परत आलेली नाही. ती मिळाली की या लेखात तारखेसह नोंद करीन.