रुपेरी रंगाखालचा विटकरी डबा

या वर्षी सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात मी रेल्वेच्या सात छोट्या मॉडेल डब्यांसाठी 42,000 रुपये मोजले आणि फसलो. मॉडेल जमवणाऱ्या आणखी कुणाचे पैसे त्याच माणसाच्या खिशात जाऊ नयेत, म्हणून घडलं तसं लिहितोय.

माझे वडील सोलापूर विभागात गार्ड होते. बालपण रेल्वे लाइन्समधल्या क्वार्टरमध्ये गेलं, त्यांचा हातदिवा आजही माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. निवृत्त झाल्यावर मी माडीवर कुर्डुवाडी जंक्शनचं मॉडेल मांडायला घेतलं. एका अंगाला ब्रॉडगेज, दुसऱ्या अंगाला बार्शी लाइट, म्हणजे तिथली जुनी नॅरोगेज. लहानपणी पंढरपूरला आम्ही त्याच छोट्या गाडीने जायचो. हे सगळं मी डबे विकणाऱ्या त्या गृहस्थांना फोनवर भरभरून सांगितलं होतं. त्यांना तेवढंच हवं होतं, हे आता कळतंय.

त्यांची ओळख व्हॉट्सॲपवर झाली. मग एके दिवशी फोन आला. "काका, 1930 ची डेक्कन क्वीन आहे माझ्याकडे. मूळ रंगात, पुराव्यासकट. तुमच्यासारख्या जाणकाराच्याच घरी जावी असं वाटतं."

त्यांनी सांगितलेला इतिहास अक्षरशः खरा होता. गाडी 1 जून 1930 ला सुरू झाली. सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे डब्यांचे दोन संच होते, एक रुपेरी आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा गर्द निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. खालच्या चासी, म्हणजे सांगाडे, इंग्लंडहून आल्या, वरचे डबे माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये बांधले. एकही गोष्ट चुकीची नव्हती, आणि त्यामुळेच माझा विश्वास बसला. इतकं नेमकं बोलणारा माणूस खोटा माल देईल, असं मनातसुद्धा आलं नाही.

पुरावा म्हणून एक फोटो पाठवला. रुपेरी डबे, लाल पट्ट्या, पुढे विजेचं इंजिन, खाली अक्षरं: 'सोलापूर यार्ड, 1931'. मी तो बायकोला दाखवला, मुलाला पाठवला. मूळ फोटो कृष्णधवल होता आणि रंग कॉम्प्युटरवर भरलेले होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कृष्णधवल फोटोत लाल आणि गर्द निळा दोन्ही सारखेच काळपट दिसतात, त्यावरून कुठलीच छटा सिद्ध होत नाही. त्याहून मला खुपतं ते इंजिन. त्या काळी विजेच्या तारा मुंबईकडून पुण्यापर्यंतच होत्या. आमच्या सोलापूरला परवापरवापर्यंत डिझेल धावत होतं. सगळं आयुष्य याच स्टेशनाजवळ काढलेल्या माणसाने तो पेंटोग्राफ, तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा, पाहिला आणि काही म्हटलं नाही.

पैसे यूपीआयने दिले. आठ दिवसांनी खोकं आलं. पहिल्या रात्री मी डबे रुळावर नुसते लावून बघत बसलो, इतके देखणे होते.

दुसऱ्या दिवशी भिंग घेतलं. पाचव्या डब्याच्या दाराशेजारी रोमन तीनचा आकडा होता, म्हणजे तिसरा वर्ग. डेक्कन क्वीनला सुरुवातीला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता, तिसरा आला जून 1955 मध्ये. मग टपाकडे आणि खिडक्यांकडे नीट पाहिलं. हा तर पेरांबूरच्या आयसीएफ या डबे बनवणाऱ्या कारखान्याचा डबा! तसे डबे या गाडीला 1966 मध्ये लागले.

कानातल्या काडीला स्पिरिट लावून एका कोपऱ्यात हलकेच घासलं. रुपेरी रंग कापसावर उतरला आणि खालून तो जुना विटकरी रंग वर आला. आणखी घासल्यावर आकडे दिसले: 92214. पहिले दोन आकडे डबा बांधल्याचं साल, पुढचे तीन स्लीपरचे. दुकानात मिळणारा 1992 चा साधा स्लीपर डबा रुपेरी रंग मारून मला 1930 म्हणून विकला होता.

एक सांगतो, मॉडेलमध्ये तडजोड असतेच. 1:87 मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात, आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर 19.3 मिलिमीटर भरतं आणि आपण गाड्या चालवतो 16.5 च्या रुळावर. विकणारा ते उघड सांगतो, घेणारा जाणून घेतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. इथे मात्र खालचा नंबर मुद्दाम झाकला होता.

फोन केला तर म्हणाले, "काका, रंग बरोबर आहे ना? तुम्ही रंगाचेच पैसे दिलेत." त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर मी तीन आठवड्यांनी तक्रार केली. लाजेने गप्प बसलो होतो. तोवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. असं कुणाच्या बाबतीत घडलं तर त्याच तासाला फोन करा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधीच गोठवता येते. आणि पैसे देण्याआधी डब्याच्या तळाचा आणि आतल्या बाजूचा फोटो मागा, रंग न भरलेला मूळ फोटोही मागा. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा.

परवा मिरजेच्या एका मित्राने मला एक फोटो पाठवला. त्याला कुणीतरी डेक्कन क्वीनचा दुसरा रेक देऊ केलाय, गर्द निळा, सोनेरी रेघांचा. फोटो तोच आहे. तेच इंजिन, तेच 'सोलापूर यार्ड, 1931'. फक्त डब्यांचा रंग बदललाय.